टमरेलाची इस्त्री

शहापूरच्या बाजारात माझं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक टेबल, टेबलावर घोंगडी आणि घोंगडीवर पांढरी चादर. पण तालुक्यात जेवढ्या म्हणून कॉलरी मान ताठ करून फिरतात, त्या सगळ्या या टेबलावरून उठून गेलेल्या आहेत. कचेरीतल्या एका कारकुनाच्या पॅन्टला मी एकदा अशी धार आणली होती की तो बसायला गेला आणि खुर्चीचा रेक्झिन फाटला. दुसऱ्या एकाच्या कॉलरवर डास बसला, घसरला आणि पाय मोडून घेऊन गेला. मी तिथंच उभा होतो म्हणून सांगतो. शहापूरजवळच्या माहुली गडाचे सुळके लोक लांबून बघतात आणि म्हणतात, देवाची करणी. असेलही. पण ती क्रीज बघून मला कायम संशय येतो की मागं कधीतरी आमच्या आजोबांचा हात तिथून फिरला असावा.

तर अशा माणसाला सासुरवाडीत सहा वर्षं सगळे ‘बोळा’ म्हणत होते.

हे नाव मला ज्यानं चिकटवलं तो माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुरबाडला राहतो. मुंबईच्या लोकांना फार्महाऊससाठी जमिनी दाखवतो. पावसाळ्यात ओढा दाखवून उन्हाळ्यात खडक विकणं ही कला आहे आणि ती त्याच्याकडं आहे, हे मी वैरी असून कबूल करतो.

झालं असं. सहा वर्षांमागं मेव्हण्याचं लग्न निघालं. सासुरवाडी सरळगावच्या पुढं, मुरबाडच्या अलीकडं. आमच्याकडं लग्नाला कोणी उशिरा आलं तर चालतं, पण हळदीला सगळ्यांनी यायचं, नटून यायचं आणि घाम गळेपर्यंत नाचायचं. म्हणून हळदीचे कपडे महत्त्वाचे. घरात इस्त्रीवाला जावई असताना बाहेर कशाला द्यायचे, असं सासऱ्यांनी ठरवलं आणि साऱ्या भावकीचे कपडे माझ्या दुकानात येऊन पडले. दोन दिवस मी दुसऱ्या कुणाचा रुमालसुद्धा घेतला नाही. साडूचा मोतिया रंगाचा सदरा तर मी देवाचं वस्त्र असल्यासारखा केला.

हळदीच्या दिवशी दुपारी शहापूरहून काळी-पिवळी जीप पकडली. बायको दोन दिवस आधीच माहेरी गेलेली. जीपमध्ये नऊ जणांची जागा, माणसं एकोणीस, एक बकरी, आणि टपावर भाजीच्या पाट्या. गठ्ठा ठेवायला जागाच नव्हती. मग मी तो मांडीवर घेतला. हनुवटीपर्यंत आला. दोन्ही हातांनी कवटाळला, पाठीमागून कुणाचा तरी गुडघा कण्यात रुतला तरी हललो नाही. शेणवा गेलं, किन्हवली गेली, प्रत्येक खड्ड्याला मी गठ्ठ्याखाली स्वतः दबलो आणि गठ्ठा वर उचलून धरला. गठ्ठा सरळ राहावा म्हणून सरळगावपर्यंत मी वाकडा होऊन बसलो. उतरलो तेव्हा त्यातल्या एकाही घडीला धक्का नव्हता. माझा नवा निळा शर्ट मात्र गठ्ठा आणि पोट यांच्यात भरडून निघाला होता.

गठ्ठा माझ्या हातातून घेतला साडूनंच. सर्वांत वर त्याचाच सदरा होता. तो त्यानं उचलला, अंगात घातला, आरशात बघितलं, आणि तासाभरानं मांडवात माझी बाही धरली.

“आरं ह्यो बघा आमचा इस्त्रीवाला,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “जगाला इस्त्री आन सोता बोळा. ये रे, जरा उजेडात ये. बघू दे लोकांना.”

आणि मला ओढत हॅलोजनखाली नेलं.

मांडव हसला. मी केलेल्या साड्या हसल्या, मी केलेले सदरे हसले. सासरे इतके हसले की त्यांची टोपी हळदीच्या ताटात पडली, आणि ती टोपीसुद्धा मीच केलेली होती. शर्ट कशानं चुरगळला हे ज्याला माहीत होतं तो एकच माणूस तिथं होता, आणि तो माझी बाही धरून उभा होता.

मी बाही सोडवून घेतली. हळदीत भांडण करणाऱ्याला आमच्याकडं पुढची सात लग्नं आमंत्रण येत नाही. पण घरी आल्यावर तो निळा शर्ट मी धुतला नाही की उलगडला नाही. तसाच गोळा करून लोखंडी पेटीच्या तळाशी टाकला आणि बायकोला सांगितलं, याला हात लावायचा नाही.

“त्यात काय सोनं हाय का?” तिनं विचारलं.

“सोन्यापेक्षा जड हाय,” मी म्हटलं.

पुढची सहा वर्षं कशी गेली ते मला विचारा. सासरे अंगणातून हाक मारायचे, “बोळ्या, च्या घेतंस का?” सासूबाई तेवढ्या मान ठेवून ‘बोळे जावई’ म्हणायच्या. मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये माझा नंबर त्याच नावानं. नाव जीपमधून प्रवास करत शहापुरात आलं आणि एक दिवस एक गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून म्हणालं, “बोळाशेठ, चार शर्ट हायेत.” मी ते चार शर्ट केले. अगदी उत्तम केले. फक्त दुसऱ्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाला चारचौघांत मान वळवता येईना एवढी खळ कॉलरला कशी काय लागली, ते मला आजही सांगता येत नाही.

तर मागच्या डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. भातं झोडून झाली होती, पेंढा रचून झाला होता, माणसं मोकळी होती. मला वाटलं, घरी सत्यनारायण होईल. साडूनं जाहीर केलं की आपण बोटीवर जायचं. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात फिरायचं, परत यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये जेवण, तिथं म्हाताऱ्यांचा केक, फोटो आणि नाच. जायचं आम्ही सहा जणांनी: सासू-सासरे, दोन्ही मुली आणि दोन्ही जावई. मेव्हणा गुरांसाठी मागं राहणार.

साडूनं सगळ्यांना बोटीच्या नियमांचे कागद वाटले. कुणी वाचले नाहीत. मी वाचले. माझ्या दुकानात कपडे बांधायला रद्दी येते, तिच्यामुळं मला छापलेला कागद दिसला की वाचायची सवय लागलेली आहे. कागद इंग्रजी होता, पण ‘आयर्न’ हा शब्द मी एबीसीडीच्या आधी शिकलो. बोटीवर इस्त्री न्यायला बंदी, असं स्वच्छ लिहिलं होतं. आग लागायची भीती. मी कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली. अंगात एकदम ऊब आली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे साडूच्या मुरबाडच्या घरी जमलो. पहाटे तिथूनच गाडी निघणार होती. साडूनं आमच्यासमोर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरल्या, ऑनलाइन मागवलेल्या. त्यात कपडे भरायचे, तोंड बंद करायचं आणि भोकाला घर झाडायचं मशीन लावून आतली हवा ओढून घ्यायची. गादीएवढी पिशवी बघता बघता तांदळाच्या पापडासारखी चपटी होते.

“बघ,” साडू मला म्हणाला. “आता इस्त्रीवाल्यांची दुकानं बंद होनार. लावायचं मशीन, काढायची हवा. सुरकुती पडायला जागाच नाय.”

“भारी हाय,” मी म्हटलं.

आता हे मी तुम्हाला सांगतो, त्याला सांगितलं नाही. कपड्याला घडीत थोडी हवा लागते. हवा काढली की सुरकुती पडत नाही, ती कोरली जाते. ज्याला याची खात्री करायची असेल त्यानं पिशवीतून काढलेला शर्ट आणि वाळलेलं आमसूल शेजारी शेजारी ठेवून बघावं.

पण खरी मौज पुढंच होती. थोरली मेव्हणी आतून खोबरेल तेलाची बरणी घेऊन आली. तुम्ही मुरबाडची डिसेंबरातली थंडी बघितली नसेल. तेल दगड होतं. आंघोळीला जायच्या आधी बरणी उन्हात ठेवावी लागते, आणि घडोघडी बोट घालावं लागतं म्हणून झाकण सगळा हिवाळाभर नुसतं टेकवलेलं असतं. तिनं ती बरणी उचलली आणि साडूच्या पाच रंगीत शर्टांच्या मधोमध ठेवली.

“ताई, झाकण ढिलं हाय गो,” माझी बायको म्हणाली.

“गोठलंय ते. दगडावानी झालंय. सांडतंय कुठनं?”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मुंबईला हिवाळा फक्त बातम्यांमध्ये येतो, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. वीस वर्षांत तेलाचा डाग पडलेले कपडे मी पोत्यानं बघितलेत. माझ्या जिभेच्या शेंड्यावर वाक्य तयार होतं. मी जीभ आत घेतली आणि वर बडीशेप टाकली.

साडूनं मशीन लावलं. पाच शर्ट, एक बरणी, चपटा पापड. दुसऱ्या पिशवीत एक पांढरा शर्ट आणि दोन पॅन्ट. ब्लेझर अंगात घालूनच जायचा होता. आणि हातातल्या बॅगेत, वरच्यावर, एक छोटीशी प्रवासाची इस्त्री.

“ही कशाला मग?” मी साधेपणानं विचारलं.

“असू दे. वेळेला बरी.”

“बरी, बरी,” मी म्हटलं.

माझं सामान एक छोटी बॅग. प्रत्येक शर्टाच्या पाठीत रद्दीचा कागद, बाह्या मागं, दोन शर्ट एकमेकांच्या पोटात पाय घालून झोपल्यासारखे. तेलाची बाटली बोटाएवढी, बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वरून पायमोजा. दाढीचं सामान, ब्रश आणि साबण एका डब्यात. याला मी काही विद्या म्हणत नाही.

सासूबाईंनी मात्र दोन भांडी घेतली होती. एक पितळी तांब्या, देवाला आणि प्यायला. दुसरं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं टमरेल, सकाळच्या कामाला. बोटीवर कागद असतो, असं साडूनं त्यांना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या साडूकडं जरा संशयानं बघत होत्या.

बंदरावर सामान मशीनमधून जाऊ लागलं. साडूची बॅग गेली आणि मशीन ओरडलं. रखवालदारानं इस्त्री बाहेर काढली, बाजूला ठेवली, आणि साडूच्या हातात एक बिल्ला दिला. परत येताना घ्या.

“मी कोन हाय ते माहीत हाय का?” साडू म्हणाला.

रखवालदारानं तिकिटावरचं नाव वाचलं आणि ते बरोबर सांगितलं. साडूनं बिल्ला खिशात घातला.

मग टमरेल आलं. रखवालदारानं ते उजेडाकडं धरलं, आत बघितलं, हुंगलं. सासूबाई पदर सावरत पुढं झाल्या.

“सकाळचं हाय बाबा,” त्या म्हणाल्या.

त्यानं ते इतक्या चपळाईनं खाली ठेवलं की माझ्या डोळ्यांना फक्त हवा हललेली दिसली.

बोट म्हणजे काय सांगू. शहापूरची बाजारपेठ उचलून उभी केली, तिला काचा लावल्या आणि पाण्यावर सोडली, असं काहीसं. सासऱ्यांना पहिल्या दिवशी लिफ्टमधून बाहेरच पडायचं नव्हतं. आम्हाला तीन खोल्या शेजारीशेजारी.

साडूनं पिशव्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर उघडल्या. तोवर तो घरून घातलेल्या शर्टावरच मिरवत होता आणि त्या शर्टानं सकाळीच सांबार पिऊन घेतलं होतं. भिंतीपलीकडून आधी पिशवीत हवा शिरल्याचा आवाज आला. मग थोरल्या मेव्हणीचा आला.

“आगो बाय. गोठल्यालं की हो ते.”

मी धावत गेलो. इतक्या चिंतेनं धावलो की बायको मागून म्हणाली, हसू आधी पुसा. पिशवी उघडी होती. मुंबईच्या उकाड्यात बरणी वितळली होती, झाकण निघालं होतं, आणि हवा ओढून घेतल्यानं शर्ट एकमेकांना असे चिकटले होते की तेलाला पसरायला रस्ता शोधावाच लागला नव्हता. पाचही शर्ट. एकेक बाही वर धरली तर त्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

दुसऱ्या पिशवीतला पांढरा शर्ट तेलातून वाचला होता. पण तो उलगडल्यावर थोरल्या मेव्हणीनंही डोळ्याला पदर लावला. मुरबाडच्या बाजारातल्या शेवटच्या कोबीला यापेक्षा कमी घड्या असतात.

खोली झाडणाऱ्या माणसाला बोलावलं. तो अदबीनं म्हणाला की कपडे आता दिले तर उद्या दुपारी इस्त्री होऊन येतील. हॉलमधलं जेवण आज संध्याकाळी आठ वाजता. मी माझ्या खोलीत गेलो, दार लावलं आणि कामाला लागलो.

आधी न्हाणीघरात सासूबाईंची नऊवारी, सासऱ्यांचा सदरा आणि बायकोचं पातळ टांगलं आणि गरम पाण्याचा फवारा सोडून दार बंद केलं. वाफेनं कापड नरम पडतं. बायको म्हणाली, किती पाणी वाया घालवता. मी म्हटलं, ही बोट भरली मुंबईत, आणि मुंबईचं पाणी येतं आपल्या तालुक्यातल्या धरणातून. धरणाच्या कडेच्या पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडे वाहतात आणि हे पाणी इथं फवाऱ्यातून पडतंय. त्यातलं तासभर मी परत घेतलं तर माझं कुठं चुकलं? तो नळ मी दीड तास बंद केला नाही.

मग सासूबाईंचा पितळी तांब्या घेतला, वरच्या मजल्यावर चहाच्या मशीनखाली धरला आणि उकळतं पाणी भरून, फडक्यात धरून, खाली घेऊन आलो. वाटेत दोघांनी मला नमस्कार केला. त्यांना वाटलं, कुणाचा तरी अभिषेक आहे. आमच्या आजोबांनी तलाठ्याचे सदरे तांब्यात निखारे टाकून केले होते. बोटीवर निखारे कोण देणार, पण उकळत्या पाण्याचा तांब्या ओलसर कापडावर दाबून फिरवला तर तोही काम करतो. पाणी निवलं की पुन्हा वर जायचं. पाच फेऱ्या केल्या. सहापर्यंत चौघांचे कपडे असे झाले की ते नेसण्याऐवजी भिंतीवर लावावेत.

आणि मग दारावर टकटक झाली.

दारात साडू. हातात तो पांढरा शर्ट. एरवी दार उघडताना आधी पोट आत यायचं, आज आधी शर्ट आला.

“काय करतंस?”

“काय नाय. बसलोय.”

त्यानं पलंगावर पसरलेल्या घड्या पाहिल्या.

“तेवढा एक हा. आठाला म्हाताऱ्यांबरोबर फोटो हायेत रे.”

“आन तुमची पिशवी? दुकानं बंद होनार होती ना आमची?”

“आता मस्करी नको.”

मी शर्ट हातात घेतला. खरं सांगतो, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. माणूस घामाघूम झाला होता. शर्ट चांगल्या कापडाचा होता आणि चांगल्या कापडाचे हाल मला बघवत नाहीत. मनात आलं, झालं तेवढं पुरे. एकच गोष्ट विचारू.

“साडूभाऊ, हळदीला माझा शर्ट चुरगळला होता. कशानं, आठवतंय?”

त्यानं खालच्या गालिच्याकडं पाहिलं. गालिच्यावर मासे काढले होते. त्यानं ते मोजले असावेत, एवढा वेळ लावला.

“सहा वर्षं झाली त्याला. कुठलं काय उकरतोस.”

“आठवतंय का नाय, तेवढंच.”

“नाय आठवत.”

“बरं,” मी म्हटलं. “अर्ध्या तासानं या.”

एवढं तो ‘आठवतंय’ म्हणाला असता, तर मी पितळी तांब्या घेतला असता. तो तिथंच माझ्या हाताशी होता, अजून कोमट. मी उठलो, सासूबाईंच्या न्हाणीघरात गेलो आणि टमरेल घेऊन आलो.

वरच्या मजल्यावर यावेळी मला कुणी नमस्कार केला नाही. टमरेल ओळखीचं भांडं आहे, जिल्हा कोणताही असो. मी ते भरलं, आणलं, आणि साडूचा शर्ट त्यानं केला. कॉलर केली. ती अशी केली की तिला मीच दोन वेळा मागं सरून बघितलं. छाती केली. बटणपट्टी केली. मनगटं केली. ब्लेझर घातल्यावर जेवढं दिसतं तेवढं सगळं जीव ओतून केलं. पाठ आणि बाह्या मी हातही न लावता दुमडल्या. त्या मूळच्या कोबीतच राहिल्या.

हे साडूला आजवर कुणी सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा वाचेल.

शर्ट देताना मी बजावलं होतं, हे मात्र देवाची शपथ घेऊन सांगतो.

“साडूभाऊ, ब्लेझर काढू नका. मागचं जरा राहिलंय.”

“आरं कोन काढतंय,” तो म्हणाला. त्यानं कॉलर चाचपली, आरशात पाहिलं. आभार मानले नाहीत.

हॉल मोठा होता. झुंबरं, पांढरी टेबलं, टाय घातलेले वाढपी. सासू-सासऱ्यांनी केक कापला. सासऱ्यांनी पहिला घास सासूबाईंना भरवला आणि त्या पन्नास वर्षांनी तेवढ्याच लाजल्या. फोटो निघाले. साडू मधोमध उभा राहिला, कॉलर माहुलीसारखी ताठ. शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब त्याला बोटीवरचा अधिकारी समजून कॉफी कधी येणार विचारून गेलं. साडू फुगला. ब्लेझरचं बटण ताणलं.

मग नाच सुरू झाला. इंग्रजी गाणी. साडू पाय हलवत उभा राहिला, ब्लेझर अंगात. मी बघत बसलो. दोन गाणी गेली, तीन गेली. मी ताटातलं गोड संपवलं, तोंड पुसलं, उठलो आणि गाणी लावणाऱ्या माणसाच्या कानाशी गेलो.

“आमच्या म्हाताऱ्यांच्या लग्नाची पन्नास वर्षं हायेत,” मी म्हटलं. “हळदीचं काय असेल तर लावा. बेंजोवालं.”

त्याच्याकडं होतं. असणारच.

बेंजोची पहिली तान आली आणि सासरे खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागं पडली. सासूबाईंनी पदर खोचला. दोन्ही मुली धावल्या. हॉलमधली आमच्याकडची, कल्याण-भिवंडीकडची, जी कोण माणसं होती ती टेबलाटेबलांवरून उठली. आणि साडू. मुरबाडचा माणूस बेंजोपुढं किती वेळ टिकेल, याचा अंदाज मी तीन मिनिटं केला होता. तो एक मिनिटात गेला. आमच्या हळदीत पुरुष नाचताना हाताला येईल ते डोक्यावर फिरवतात, टॉवेल तर टॉवेल, उपरणं तर उपरणं. साडूनं इकडंतिकडं पाहिलं. टॉवेल नव्हता. त्यानं ब्लेझर काढला.

काढला आणि डोक्यावर गरगर फिरवत तो मध्यभागी गेला. पाठ आमच्याकडं, वर चारी बाजूंचे दिवे. पुढून साहेब आणि मागून गोणपाट. त्याच्या पाठीवर दऱ्या होत्या, खोरी होती, ओढ्यांची वळणं होती. मला तर माळशेजचा घाट ओळखू आला.

पहिले थांबले सासरे. हात वर तसाच.

“आरं,” ते म्हणाले, “ह्यो कोन बोळा?”

साडू वळला. त्याला वाटलं, सासरे नेहमीसारखं इस्त्रीवाल्यालाच म्हणताहेत. तोही हसत माझ्याकडं बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडंच बघताहेत. सासऱ्यांनी त्याला खांद्याला धरून गोल फिरवलं, त्याची पाठ सासूबाईंना दाखवली, मग थोरल्या मेव्हणीला, मग कल्याणच्या अनोळखी माणसांना.

“पुढं एक, मागं एक,” सासरे म्हणाले. “जमीन पन अशीच इकतंस काय रे?”

हॉल असा हसला की बोट एका अंगाला कलली, आणि ग्लास टेबलावरून सरकताना मी स्वतः पकडले. मी केव्हाच खुर्चीत परत येऊन बसलो होतो. माझा शर्ट त्या रात्री माझ्या अंगावर नव्हताच म्हणा, अंगाबाहेर दोन बोटं हवेत उभा होता.

सकाळी चहाला आम्ही सगळे एका टेबलावर बसलो. साडू पुन्हा सांबारवाल्या शर्टात. सासूबाई उशिरा आल्या.

“माझं टमरेल कुनी हलवलं होतं?” त्यांनी विचारलं. “काल सांजंला बघते तर पलंगाखाली, आन गरम.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहात बिस्कीट बुडवलं. त्यांनी साडूकडं पाहिलं, त्याच्या कॉलरकडं पाहावं तसं, जरी ती कालची ताठ कॉलर आता अंगात नव्हती. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि समुद्राकडं मान वळवली. खांदे हलत होते.

“जावईबापू,” त्या अखेरीस म्हणाल्या, “तेवढी साखर द्या.”

साखर माझ्यापुढं होती. सहा वर्षांत मला त्या घरात पहिल्यांदा हे कुणी म्हटलं. मी साखर दिली.

परवा वैशाखात सासुरवाडीच्या भावकीत पुन्हा लग्न निघालं. कपडे माझ्याकडंच आले. साडूची गाडी नवरदेवासाठी सजवायला ठेवलेली, आणि त्याचं शहापूरला कचेरीत काम होतं, म्हणून त्यानं माझ्याबरोबर जीपनं परत यायचं ठरलं. मी आधी पेटी उघडली आणि तळातून तो निळा शर्ट काढला. धुतला, भाताच्या पेजेची हलकी खळ दिली, आणि त्याला दुकानातली सगळ्यात जड इस्त्री लावली. रंग उतरलाय, पण उभा राहतो.

दुपारी फोन आला. सासूबाई.

“जावईबापू, गठ्ठा थोरल्यांना धरू दे. तुमी नका धरू.”

जीपमध्ये माणसं एकोणीस. गठ्ठा साडूच्या मांडीवर, हनुवटीपर्यंत. मी पुढं खिडकीशी, हात बाहेर, निळा शर्ट वाऱ्यावर. किन्हवलीच्या पुढं रस्ता उखडलेला आहे. ड्रायव्हर माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक. मी त्याला सावकाश चालव असं म्हणालो नाही. मागून साडूनं एकदाच विचारलं, “जरा धरतंस का रे?” मला वाऱ्यामुळं ऐकू आलं नाही.

मांडवात उतरलो तेव्हा एकाही घडीला धक्का नव्हता, हे साडूच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं गठ्ठा नीट आणला. बायांनी तो हातोहात घेतला. साडू मांडवाच्या कडेला, कुडाच्या सावलीत सरकला आणि पोटावरून हात फिरवून शर्ट सपाट करायला लागला. सपाट होत नव्हता. तो होत नसतो, मला माहीत आहे. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. आता त्याला आठवत होतं. स्पष्ट दिसत होतं की आठवत होतं.

मी जवळ गेलो, त्याची बाही धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

“चला साडूभाऊ, जरा उजेडात या.”